मऊ कापड

आईच्या मांडीवर अक्काचा पिवळा टी-शर्ट पसरलेला होता, हातात कात्री होती, आणि ती बाहीच्या शिवणीला हात घालणार तेवढ्यात मी शाळेतून आले. दप्तर पाठीवर तसंच ठेवून मी आधी कात्री काढून घेतली. गेल्या वर्षीची मी असते तर दाराआड उभी राहून नुसती बघत बसले असते. पण यंदा मी दहावीत आहे, शाळेचा परिपाठ माइकवरून मीच घेते आणि तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आलाय. पहिल्या आलेल्या मुलीचं नुसतं पाठांतर होतं, पण ते जाऊ दे.

मी विचारलं, "अक्काला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं? तिच्याच लेकराला लागणारेत," आई म्हणाली.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण निकिता. सातवा महिना लागल्यावर पहिल्या बाळंतपणासाठी ती अणदूरहून आमच्याकडे जळकोटला आली होती आणि आत झोपली होती. तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नाहीत. लंगोट, दुपटी, टोपडी, सगळं वापरून वापरून मऊ झालेल्या कापडाचं. आणि आमच्या घरातलं सगळ्यात मऊ कापड अक्काच्या लोखंडी पेटीत होतं. वीस-बावीस टी-शर्ट तरी असतील. झाकण बसायचं नाही म्हणून अप्पांनी वरून दोरी बांधली होती. आईचं काही चुकत नव्हतं. लग्न होऊन दीड वर्ष झालं, पळायचं बंद झालं, मग इतके टी-शर्ट ठेवून करायचं काय, हा तिचा प्रश्न मला एखाद्या परीक्षेत आला असता तर मीही तेच उत्तर लिहिलं असतं.

तरी मी एक पद्धत लावून दिली. रोज शाळेतून आले की पेटीतला एक टी-शर्ट काढायचा आणि अक्कानं तो कुठला ते सांगायचं. ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसेल तो आईचा. हे ठरवताना मला माझाच फार अभिमान वाटला. दोन आठवड्यांत आईच्या वाट्याला एकही आला नाही.

पहिला निघाला तो हिरवा, मक्याच्या बियाणाच्या जाहिरातीचा, अप्पांना कुणीतरी फुकट दिलेला. पाठीवर हातभर कणीस. अक्का पोलीस भरतीसाठी पळायला लागली तेव्हा पळायचे कपडे घरात कुणाकडेच नव्हते. ती तो घालून हायवेच्या कडेनं पळायची आणि चहाच्या टपरीवरची पोरं ओरडायची, मका आली, मका आली. अप्पा गिरणी उघडायच्या आधी मोटारसायकल घेऊन तिच्या मागं सावकाश जायचे, पहाटेच्या अंधारात तिला खड्डे दिसावेत म्हणून. टपरीपाशी ते हॉर्न वाजवायचे. पोरं गप्प. हे सांगताना अक्का इतकी हसली की पोटाला हात धरून बसली.

निळा तुळजापूरच्या दौडीचा होता. तिथं ती तिसरी आली आणि बक्षीस म्हणून जेवणाचा डबा मिळाला, तो आजही अप्पा गिरणीवर नेतात. काळ्यावर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे होते, कितीही धुतले तरी न गेलेले. पिवळा नळदुर्गच्या अकॅडमीचा. तिथं पन्नास पोरं आणि चार पोरी. त्या चौघींतल्या तिघी आता कुठं आहेत ते अक्काला पाठ होतं. दोघी पोलिसात, एक बीडला ग्रामसेवक. चौथीचं नाव ती घ्यायची नाही, कारण चौथी तीच.

पहिल्या भरतीत ती मैदानात पडली. दुसऱ्या वेळी लेखी राहिली. तिसऱ्या वेळी एका मार्कानं गेली. यादी लागली त्याच्या पुढच्या महिन्यात अणदूरचं स्थळ आलं. स्थळ चांगलं होतं, असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. दाजींचं मोबाईलचं दुकान आहे, ते कधी मोठ्यानं बोलत नाहीत.

एक दिवस लाल टी-शर्ट हातात घेऊन तिनं त्याची घडी घातली, ती परत मोडली. मग दाराकडं बघत हळूच म्हणाली, "भरतीचं वय अजून दोन वर्षं हाय माझं. लेकरू आठ महिन्यांचं झालं की पळायला सुरू करीन. कुणाला बोलू नको शिवे. ह्यांना मीच वेळ बघून सांगीन."

मी म्हटलं, बाळ मी सांभाळीन. अकरावीचा अभ्यास करता करता सांभाळीन, त्यात काय. ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मला वाटलं, मी आत्ताच तिला वर्दी घालून दिली.

पुढच्या रविवारी दाजी आणि त्यांच्या आई, म्हणजे अक्काच्या सासूबाई, तिला बघायला आले. केळी, डाळिंबं, खारीक-खोबरं. चहा झाला. सासूबाईंनी सहज विचारलं, लंगोटं-दुपटी झाली का शिवून? आई गोंधळली. कापड बघतोय म्हणाली. पेटी तिथंच पलंगाखाली उघडी होती, वरचे टी-शर्ट दिसत होते. सासूबाई म्हणाल्या, हे काय, इतकं मऊ कापड समोर असताना कशाची वाट बघताय?

अक्का खाली मान घालून डाळिंब सोलत होती. मला वाटलं, अक्का म्हणते ती वेळ हीच. ती बोलू शकत नाही, मी तर बोलू शकते. मी उठून उभी राहिले.

मी सगळं बोलले. मक्याचं कणीस, अप्पांची मोटारसायकल, तो एक मार्क. अक्का परत भरतीला उतरणार आहे आणि बाळ मी सांभाळणार आहे, हेही. कुठं अडखळले नाही. सरांनी शिकवलंय तसं बोलताना एकेकाच्या डोळ्यांत बघितलं. दाजींच्या, सासूबाईंच्या, आईच्या, अप्पांच्या. एक अक्काकडं तेवढं बघितलं नाही.

माझं संपलं. दाजी बशीतला कप गोल फिरवत होते. सासूबाई रागावल्या असत्या तर मी त्यांनाही उत्तर दिलं असतं. त्या हसल्या.

"आगं बाई, मग आमच्या घरातच चौकी हुईल की." अप्पासुद्धा थोडे हसले. मग सासूबाईंनी अक्काला अगदी मायेनं विचारलं, "व्हय गं निकिता? आमाला तर कुणी बोललं न्हाय." आणि दाजींकडं बघितलं.

दाजी खाली फरशीकडं बघत म्हणाले, "मलाबी न्हाय."

अक्कानं डाळिंबाचे दाणे ताटलीत ठेवले, पदराला बोटं पुसली.

"न्हाय ओ आत्या. ती असंच बोलती, स्पर्धेत बोलल्यावानी. हे तर मी लंगोटासाठीच काढून ठेवलेत."

सासूबाईंनी वाकून पिवळा टी-शर्ट उचलला आणि गालाला लावला. कापडाचा मऊपणा बोटांना कळत नाही, गालाला कळतो, असं मला समजावून सांगितलं. छापलेल्या जागेवरून त्यांनी पुन्हा गाल फिरवला. एवढं मात्र कापून टाकायचं, हे रबर लेकराच्या अंगाला टोचतं, म्हणाल्या. आईनं कात्री आणून दिली. ती त्यांनी स्वतः चालवली नाही. अक्काच्या हातात दिली.

साडेचारच्या गाडीनं ते गेले. निघताना दाजी दारात थोडे थांबले, तब्येतीला जप म्हणाले. ते गेल्यावर मला वाटलं, आता अक्का कात्री खाली ठेवील. तिनं भिंतीला उशी लावली, पाय पसरले आणि पुढचा टी-शर्ट घेतला. आधी गालाला लावायची, डोळे मिटून. मग छातीवरची अक्षरं चौकोनी कापून बाजूला टाकायची आणि राहिलेल्या कापडाचे लंगोट बेतायची. हिरव्याला तिनं दोन्ही गाल लावले. कणसाचा तुकडा आईनं उचलून घेतला. तवा उतरवायला होईल, म्हणाली.

मी म्हणाले, "अक्का, मला वाटलं..."

तिनं कापताना वर बघितलं नाही. "चांगलं बोललीस गं. मागं तुला कुणी दुकानात पाव मागायला लावलं तरी रडायचीस. आता आवाज किती मोठा झालाय तुझा."

टोचून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरंच कौतुकानं म्हणाली.

पेटीच्या तळाशी एक पांढरा निघाला. तो तिनं मला कधी दाखवला नव्हता. त्याच्यावर काहीच छापलेलं नव्हतं. छातीवर फक्त बारीक चार भोकं होती, नंबरचं कापड टाचणीनं लावल्याची. तिसऱ्या भरतीचा. त्या एका दिवसानंतर पुन्हा घातलेला नाही. आईनं गालाला लावून बघितला आणि हा काही कामाचा नाही, अजून कोराच आहे, ठेव परत म्हणाली. मी पटकन हात पुढं केला.

"र्‍हाऊ दे," अक्का म्हणाली. "चार-पाच धुण्यांत हुईल मऊ. दोन महिने हायेत अजून."

जमिनीला हात टेकून ती उठली. मी धरायला गेले, तर नको म्हणाली. मागच्या अंगणात जाऊन तिनं बादलीत पाणी घेतलं, साबणाचा चुरा टाकला आणि तो टी-शर्ट आत सोडला. आत हवा भरून तो फुगला आणि पाण्यावर आला. अक्कानं तळव्यानं खाली दाबला. तो दुसऱ्या बाजूनं वर आला. तिनं एक हात कमरेवर ठेवला, अवघडून वाकली, पुन्हा दाबला, आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हात तसाच पाण्यात धरून राहिली.