मी टाईप केलेला शब्द: निरंक

मित्रांनो, मी एक जुना मराठी टाईपरायटर आहे. माझी ‘ळ’ची कळ जरा अडकते, पण आठवणी अजून शाबूत आहेत. नाशिकच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझी तीस वर्षं गेली. लोक वकिलाला अर्धं सांगतात आणि उरलेलं टायपिस्टपाशी बोलून जातात, त्यामुळे मला बरंच ठाऊक आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला कामाला लावलं ते गोटीरामने. नाशिकजवळच्या मखमलाबादला भाजीपाला करणाऱ्या घरातला हा माणूस. मेथीच्या जुड्या बांधाव्यात तशा झटपट ओळी टाईप करायचा. त्याच्या खणात नमुन्यांची एक पिवळी फाईल असे. कोणी आलं की नमुना काढायचा, मोकळ्या जागी नाव घालायचं आणि कागद हातात द्यायचा. गोटीरामकडे गेलं की काम झालंच, असं लोक म्हणायचे. तेव्हा मीही भाव खाऊन होतो.

त्या फाईलीत कलम चारशे सत्त्याण्णवचाही नमुना होता. गोष्ट मोठ्यांची आहे, पण तुम्हीही मोठे होणारच, म्हणून सांगतो. कायदा इंग्रजांच्या काळातला. एखाद्याच्या बायकोशी परक्या पुरुषाने संबंध ठेवले, तर तिचा नवरा त्या पुरुषावर तक्रार करू शकत असे. नमुन्यात शब्द होते, ‘माझ्या संमतीशिवाय’. न विचारता सायकल नेल्याची तक्रार असावी तसे. बाईला शिक्षा नव्हती हे खरं, पण तिला विचारणारंही कोणी नव्हतं. आणि नवऱ्यानेच बाहेर संबंध ठेवले तर त्याच्या बायकोने काय करायचं, याचा नमुना फाईलीत नव्हता, कारण ते त्या कलमातच नव्हतं.

आमच्याकडे निवृत्तीअण्णा नावाचे एक पुढारी नेहमी येत. गोदाकाठी बसणाऱ्या मुलामुलींमुळे संस्कृती बुडते, त्यांना पोलिसांनी हटवावं, हे त्यांचं निवेदन मीच टाईप केलं होतं, तीन कार्बन प्रतींसह. अण्णांचं स्वतःचं दुसरं बिऱ्हाड गंगापूर रोडला होतं, हे सगळ्या शेडला माहीत होतं. दोन मोठी माणसं आपल्या मर्जीने काय करतात ते बघणं पोलिसांचं काम नव्हे, असं मला वाटतं. पण मग गोदाकाठच्या पोरांना तरी का हाकलायचं? असो. अण्णांचं कुठेच अडलं नव्हतं. अडलं होतं ते त्यांच्या बायकोचं.

२०११च्या डिसेंबरात त्या आल्या. उज्वलाताई. स्टुलावर बसून त्यांनी सगळं सरळ सांगितलं आणि नवऱ्याविरुद्ध तक्रार लिहून मागितली. गोटीरामने फाईल दोनदा चाळली.

“ताई, हे कलम नवऱ्यासाठी हाय. बायकोला यात जागा नाय.”

“मग बायकोला जागा आहे तरी कुठे?”

गोटीरामने फाईल मिटली. अण्णांचं नाव ऐकून तो घाबरला होता, हे मी लपवणार नाही. पण नमुन्यापलीकडे त्याला काही सुचतही नसे. उज्वलाताई उठून गेल्या. आपल्याला कायद्यात वाटच नाही, अशी समजूत घेऊन त्या घरी परतल्या.

दोन महिन्यांनी अण्णा महापालिकेला उभे राहिले. प्रतिज्ञापत्र आमच्याकडेच टाईप झालं. गुन्ह्यांच्या रकान्यात मी उमटवलं, ‘निरंक’. म्हणजे काहीही नाही. त्याच कागदावर पुढे उज्वलाताईंचं नाव आलं, पत्नीच्या दागिन्यांच्या रकान्यात. प्रचारसभांत त्यांना अण्णांच्या शेजारी बसवत. माझ्यावर एक तरी गुन्हा दाखवा, असं अण्णा म्हणत आणि टाळ्या पडत. मला फार लाज वाटली. तो शब्द माझ्याच कळांनी उमटवला होता.

पुढे शेडमध्ये संगणक आले. माझ्यावर गोणपाट पडलं आणि त्यावर चहाचे कप.

२०१८च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. बायको ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे, असं न्यायालयाने ठणकावून सांगितलं. गोटीराम तो नमुना फाईलीतून काढायला बसला आणि बोलता बोलता उज्वलाताईंची हकिगत त्याच्या मुलीला, स्नेहलला सांगून गेला. स्नेहल तोवर वकील झाली होती.

“बाबा, शिक्षेच्या कलमात बायकोला जागा नव्हती. घटस्फोटाच्या कायद्यात होती. तेव्हाही होती, आजही आहे. पलीकडच्या टेबलावर वकील बसायचे ना? तिकडे का नाही पाठवलंत त्यांना?”

गोटीराम त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या सकाळी तो नाशिकमधल्याच द्वारका भागात उज्वलाताईंच्या घरी गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण चौथ्या दिवशी त्या शेडमध्ये आल्या. घटस्फोटाच्या अर्जाचा मजकूर स्नेहलने सांगितला. टाईप मात्र माझ्यावरच करायचा, म्हणून गोटीराम हटून बसला. माझ्यावरचं गोणपाट निघालं, नवी रिबन आली.

पहिल्याच ओळीत ‘अर्जदार’ आणि पुढे उज्वलाताईंचं नाव. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

“ताई, माझ्यापायी तुमची सात वर्षं गेली,” गोटीराम म्हणाला.

“गेली,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “यांच्या निवडणुकीच्या पुढच्या फॉर्मवर आता निरंक येणार नाही ना?”

“येईल, ताई. ही केस फौजदारी नाय.”

त्यांनी पेन उचललं आणि सही केली.

“येऊ द्या. दागिन्यांच्या रकान्यात माझं नाव नसलं म्हणजे झालं.”

मित्रांनो, हल्ली मी स्नेहलच्या ऑफिसात कपाटावर असतो. माझी धूळ पुसा, मला तेल द्या, असं मागायला मी बसलेलो नाही. माझं मागणं निराळं आहे. कोणी अडलेलं माणूस तुमच्यापाशी आलं आणि तुमच्याकडे उत्तर नसलं, तर ‘इथे होत नाही’ म्हणून फाईल मिटू नका. पलीकडच्या टेबलापर्यंत त्याच्याबरोबर चालत जा. आमच्या शेडमध्ये ते टेबल बारा पावलांवर होतं.