मी गव्हाच्या पावाचा टोस्टर

मी एक जुना टोस्टर आहे मित्रांनो, आणि या घरातल्या एका मुलीने माझ्यापासून चार हात लांब राहायचं असतं. असं का, ते सांगतो.

कारखान्यात एका बाईने माझ्या तारा तापतात का ते पाहिलं, मला खोक्यात घातलं आणि मी लग्नातली भेट म्हणून इथे आलो. भेटीत तीन टोस्टर आले होते. दोघे दुसऱ्यांना देऊन टाकले, मी राहिलो. त्याचा मला अजून थोडा गर्व आहे.

घरात चौघं. आई, बाबा, दहा वर्षांची मोठी आणि सात वर्षांचा धाकटा. माझी खरी दोस्ती मोठीशी. पाव वर उडाला की ती टाळी वाजवायची आणि गरम तुकडा फुंकत उभ्याउभ्याच खायची. खायची भरपूर, पण अंगाला काही लागत नव्हतं. पाहुणे तिला ‘काडीपैलवान’ म्हणायचे. रोज पोट दुखायचं, तर बाबा म्हणायचे, “शाळा चुकवायचे बहाणे!” शेवटी डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, हा सिलिअ‍ॅक आजार. गव्हातलं ग्लूटेन हिच्या आतड्याला चालत नाही. कणभरही नाही, आणि जन्मभर नाही.

माझ्या तळाशी वर्षानुवर्षांचा गव्हाच्या पावाचा चुरा होता. जिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव, तिच्याच पोटात मी रोज सकाळी दुखणं घालत होतो. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

हा आजार घरात आणखी कुणाला असू शकतो, म्हणून डॉक्टरबाईंनी बाकी तिघांची जनुकांची तपासणी सांगितली. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. धाकट्याने काडी चावली, दुसरी आणावी लागली. अहवाल आला. धोक्याचं जनुक आईत नाही. बाबांत आहे, आणि धाकट्यातही आहे.

“तुमच्याकडूनच आलंय हे,” आई म्हणाली.

“नाक तुझं घेतलं, पोट माझं घेतलं. मी काय करू?” बाबा हसले. आई हसली नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आईने अहवालाचं दुसरं पान वाचलंच नाही, बाईंना विचारलंही नाही. त्याच दुपारी घरातला गहू बाहेर गेला आणि मी कपाटावर. धाकटा रडला. मग बहिणीला म्हणाला, “ताई, तुझ्यामुळे माझा पाव गेला.”

दोन महिन्यांनी धाकट्याचं आणि बाबांचं रक्त तपासलं. दोघांतही आजाराची खूण नाही. आईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाईंचा फोन आला. तो तिने स्पीकर लावून ओट्यावर ठेवला, त्यामुळे मला वर सगळं ऐकू आलं.

“धाकटा रोज गहू खातोय ना?”

“छे हो! दोन महिने कणही दिला नाही.”

“अहो, मग त्याची ही तपासणी वायाच गेली! गहू पोटात जात असेल तरच रक्तात खूण दिसते. आणि जनुक आहे म्हणजे आजार आहे, असं नाही. कितीतरी लोकांत ते असतं, बहुतेकांना कधीच काही होत नाही. तुमचे यजमान मला म्हणाले, ते कचेरीत रोज पाव खातात. त्यांना झालंय का काही? धाकट्याला आठ आठवडे रोज गहू द्या, मग पुन्हा बघू. त्रास झाला तर लगेच कळवा.”

“म्हणजे विषाची परीक्षा मी पोराच्या पोटात घ्यायची?” आई म्हणाली. पण तिने मला खाली काढलं. ओट्यावर नाही, खिडकीजवळच्या टेबलावर. सुरी वेगळी, ताटली वेगळी. पहिल्या सकाळी खटका तिनेच दाबला. धाकटा मिटक्या मारत खायचा आणि आई दर पाच मिनिटांनी विचारायची, “दुखतंय का रे?”

मोठी दारातूनच बघायची. एकदा तिने विचारलं, “त्यालाही झालं तर ते माझ्यामुळे का गं?”

“वेडी का तू?” आईने तिला घट्ट जवळ घेतलं. “तुझ्यामुळे तर आम्हाला तपासायचं सुचलं.”

आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. आजार नाही, आणि या वेळी ते खरं होतं. “काही वर्षांनी परत बघू. खाणं चालू ठेवा,” बाई म्हणाल्या. तरी आईने मला उचललंच. “नकोच ती भीती,” म्हणत कपाटाकडे निघाली.

मोठीने वाट अडवली. “ठेव त्याला, आई. धाकट्याचा पाव बंद करून माझं पोट बरं होणार आहे का? मला माझा तांदळाचा पाव आहे. हा फक्त माझ्यापासून लांब ठेव.”

आई रडली. मग डोळे पुसून तिने मला परत खिडकीजवळ ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला टाकू नका, आम्हाला वापरा. माझं मागणं वेगळं आहे. काळजी जरूर घ्या, पण आधी नीट विचारून घ्या. आणि कधी घाईत, भुकेल्या पोटी ती मुलगी तिचा तांदळाचा पाव तुमच्या हातात देऊन म्हणाली, “एवढा भाजून दे ना,” तर मला कितीही झटकलंत, पुसलंत, तरी तिचा पाव माझ्यात घालू नका. मला ती फार आवडते.