कधीपासून

पांढऱ्या बशीत अर्धी गोळी. कापताना सांडलेला चुराही मोंजियाने बोटाने टिपून तिच्या शेजारी ठेवला – ही साडेअकराची, जेवणाआधी तासभर, आणि मासा दुपारी नाही, रात्री; माशाबरोबर औषध नीट लागू पडत नाही, असं सूस शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. महदियाच्या बंदरात चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, आणि त्याच्या दुपारच्या ताटात मासा नाही…

तिचा नवरा, बेशीर, स्वयंपाकघराच्या दारात थांबला होता. थांबला कसला, पाय फरशीला चिकटले होते. त्यांच्या मुलीने, रीमने, मागच्या महिन्यात, पाय असा अडला की उचलायला खूण म्हणून, जमिनीवर पावलापावलावर लाल चिकटपट्ट्या लावून दिल्या होत्या.

"पट्टी बघ. ओलांड तिला," मोंजिया म्हणाली.

"स्वतःच्या घरात शिरायला जकातनाका," तो पुटपुटला, आणि एक पाय सुटला, मग दुसरा.

विनोद असावा. चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या – पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायूसुद्धा आखडतात, बाई. ते रागावलेले नसतात, तसे दिसतात. हात थरथरायच्या कितीतरी आधीपासून हे सुरू होतं. कितीतरी म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही… विचारायला हवं होतं. कारण दोन उन्हाळ्यांपूर्वी, रीमच्या लग्नात, सगळं गाव नाचत असताना हा खुर्चीत दगडासारखा बसला होता, आणि मोंजियाने त्याला आत बोलावून, दात चावत विचारलं होतं, "पोरीच्या मयताला आलायस का?" त्याच आठवड्यात तिने आपली गादी रीमच्या रिकाम्या खोलीत नेली. वर्षभर त्याच्यापुढे ताट ठेवलं ते न बोलता. तो काही म्हणाला नाही. म्हणाला असेल, पण आवाजही तेव्हाच बारीक व्हायला लागला असेल, आणि तिने कान दिला नसेल.

त्याने गोळी घेतली, पाणी सावकाश गिळलं. तिने बाहीनेच त्याची हनुवटी पुसली.

"बेशीर, रीमच्या लग्नात तुला आनंद झाला होता?"

तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. प्रश्न पोचायला वेळ लागत होता की उत्तर निघायला, कोण जाणे.

"हे काय विचारणं," तो म्हणाला. "मी तर दिवसभर हसत होतो."

ती बशी धुवायला वळली. नळ सोडला. त्या लग्नाचं एक झालं – ते आजाराच्या नावावर गेलं, पण त्याआधीचं? तिची आई वारली त्या दिवशीचा त्याचा कोरडा चेहरा? त्याच्याही आधी, त्यांच्या लग्नाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी, ती माहेराहून परतली तेव्हा दार उघडून तो नुसताच बाजूला झाला, ते? इतकी वर्षं यातला एकेक सल तिने जपला होता, त्या सलांच्या आधाराने ती ताठ उभी राहिली होती, आणि आता त्यातलं कुठलं त्याचं, कुठलं आजाराचं, हे सांगणारं कुणीच नव्हतं… त्यालाही ते सांगता आलं नसतं. मागे तो काहीतरी बोलला. तिला ऐकू आलं नाही. तिने नळ बंद केला, आणि मान न वळवता, पुन्हा बोलेल म्हणून वाट पाहत राहिली – रागावण्याचा हक्क गेलेल्या बाईसारखी, घाबरलेली.