कॅप्टनने बसायचं कुठे?

बास्केटबॉलची कॅप्टन झाले त्या दिवशी मी अंगात वारं शिरल्यासारखी घरी आले. पण आठवड्याभरात एक विचित्रच प्रकार सुरू झाला. डब्याच्या सुट्टीत मी पोचले की आमच्या टोळीचं हसणं बंद! भांडण वगैरे काही नाही. ढमी, लंबू, चिमणी तिघीही "ये ना" म्हणायच्या, पण पाहुण्यांना म्हणतात तसं. मैदानावर माझ्या एका हाकेवर अख्खी टीम पळते आणि मला ते भारी वाटतं, खोटं कशाला बोलू! पण डबा खाताना मला पुन्हा पूर्वीची मी व्हायचं होतं. ढमीच्या मांडीवर पाय टाकून, तोंडात घास असताना खिदळणारी.

आईला सांगितलं, तर तिने एका दमात उपाय ऐकवले. "स्पष्ट बोल. नाहीतर दुर्लक्ष कर. आणि अभ्यासाला बस."

आई एका मोठ्या लाँड्रीची मॅनेजर आहे. आधी तिथेच इस्त्री करायची. शनिवारी दुपारी लाँड्री बंद झाली की तिथे तिचं मंडळ जमतं. बेकरीवाले काका, गॅरेजवाली मावशी, बालवाडीच्या बाई आणि आई, सगळेच हाताखाली माणसं असणारे. माणसं कशी सांभाळायची ते त्यांना शिकवायला येतात मेट्रनबाई. त्यांनी जन्मभर हॉस्पिटलचे वॉर्ड चालवलेत. नियम एकच: ज्याची अडचण त्याने सांगायची, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला दिला की सगळ्यांचे कप विसळायचे. आई दर शनिवारी कप विसळते.

त्या शनिवारी गॅरेजवाली मावशी आजारी होती. मी कोपऱ्यात गृहपाठ करत बसले होते.

"एक खुर्ची रिकामी आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "कॅप्टन, येतेस?"

"अहो, ती लहान आहे," आई म्हणाली.

"टीम आहे ना तिची? मग झालं तर."

मी टुणकन जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी शेवटी आवाज जरा चिरकलाच.

"अगं, त्यात काय एवढं! तू सरळ त्यांना..." आईने सुरू केलं.

"कप!" काका ओरडले. "प्रश्न, ताई, प्रश्न! नाहीतर आज बश्यासुद्धा."

बालवाडीच्या बाईंनी विचारलं, "हसणं थांबल्यावर पहिलं कोण बोलतं?"

"मीच."

"काय बोलतेस?" काकांनी विचारलं.

"उद्याचा सराव. उशिरा कोण आलं. लंबूचे पास कसे चुकतात..."

माझं बोलणं मलाच ऐकू आलं.

आई तोंड उघडत होती, मिटत होती. सल्ला गिळणं तिला कडू औषधापेक्षा जड जातं. मग तिने हळूच विचारलं, "तुला त्यांची सगळ्यात जास्त आठवण कधी येते गं?"

घरी तिने मला असं कधी म्हणजे कधीच विचारलं नव्हतं.

"त्या समोर असतात तेव्हा," मी म्हणाले.

आईने मान खाली घातली. "मलाही," ती म्हणाली. "इस्त्रीच्या खोलीतल्या बायका अजून तशाच हसतात. मी दारापर्यंत जाते."

"आणि दारात काय बोलता?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"चादरी झाल्या का, म्हणते."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ नेली. असा काही नियम नव्हता, पण कोणी अडवलं नाही.

सोमवारी सुट्टीत त्या तिघी जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी आले, हसणं थांबलं. सराव अगदी जिभेवर आला होता, पण मी ओठ आवळून उभी राहिले. इतकी शांतता, की पळून जावंसं वाटलं.

"काय मॅडम, आज हजेरी नाही का?" ढमीने टोमणा मारलाच.

"नाही. कशावर हसत होतात?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुझ्यावर," चिमणी म्हणाली. "लंबू तुझी नक्कल करत होती."

"मग दाखव ना!"

लंबू भीत भीत उठली. कमरेवर हात, मान ताठ. "मुलींनो! हे काय चाललंय?" अगदी मीच!

तिघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी हसले, पण क्षणभर उशिरा, आणि तो उशीर त्यांनी पाहिला. तरीही ढमी थोडी सरकली. वीतभरच जागा झाली. मी अंग चोरून तेवढ्यात बसले.