कानावरची खाच

रोम्युलसच्या डाव्या कानाच्या पाळीला एक वाकडी खाच होती, आणि ती लांडगीच्या दाताची आहे हे टायबरकाठच्या शेळ्यांनाही पाठ झालं होतं. पाठ करून घेतलं होतं त्याला वाढवणाऱ्या फाउस्टुलस गुराख्यानं. पुरात वाहत आलेली टोपली, त्यात दोन पोरं आणि त्यांना पाजणारी लांडगी. पहिल्या वर्षी ती लांडगी कुत्र्याएवढी होती. अठरा वर्षांत वाढत वाढत बैलाला टेकली. लांबच्या कुरणाकडं निघालेले मेंढपाळ त्या कानाला हात लावून जात, आणि रोम्युलसही ऐटीत मान वाकवी.

सिल्विया हे सगळं निमूट ऐकून घेई. तो दात तिचा होता.

तिच्या बापाची गादी अमुलिउस काकानं बळकावली आणि अल्बा गावच्या वाड्याखालच्या कोठडीत तिला कोंडलं. ती तिथंच बाळंत झाली. जवळ एकटी ओप्पिया दाई. तिचा सारा जन्म मेंढवाड्यात गेलेला. पहिला मुलगा हातात येताच ओप्पिया म्हणाली, "जुळ्यांतल्या पहिल्या कोकराचा कान कातरून ठेवतात, बाई. नाहीतर पुढं थोरला कोण यावरून घोळ होतो. पण सुरी कुठली मिळायला इथं?"

सिल्वियानं पोर उचललं आणि कानाची पाळी दातांत धरली. तिचा पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता, त्यामुळं खाच वाकडी उमटली. मग दुसरा आला. दिवस कलायच्या आत काकाची माणसं दोघांना बुडवायला घेऊन गेली. ओप्पिया त्याच हिवाळ्यात तापानं मेली आणि थोरला कोण हे ठाऊक असलेली सिल्विया एकटीच उरली.

अठरा वर्षांनी त्याच पोरांनी काकाला मारलं, आजोबांना गादीवर बसवलं आणि कोठडीचं दार फोडलं. रेमुस धावत आत आला. पेजेचं भांडं तिच्यापुढं सरकवून म्हणाला, "आई, भरव. अठरा वर्षांचं राहिलंय." रोम्युलस उंबऱ्यातच थांबला आणि भिंत किती जाड आहे ते वितीनं मोजत बसला. तिला तो कशानंच हाक मारत नसे. दुसऱ्यांशी बोलताना 'आजोबांची लेक' म्हणे.

नदीकाठी नवं गाव वसवायचं ठरलं आणि राजा कोण यावरून दोघांचं फाटलं. शेवटी फाउस्टुलस त्यांना सिल्वियाकडं घेऊन आला. थोरला कोण ते तिनं सांगावं, धाकट्यानं ते मानावं, अशी दोघांनी चुलीवर हात धरून शपथ घेतली होती.

"मीच असणार," रेमुस म्हणाला. "हा जन्मभर माझ्या मागं मागं. पोटातून तरी पुढं कसा येईल?"

रोम्युलस हसला नाही. त्याचा कान सिल्वियापासून हातभर अंतरावर होता. एका शब्दाचं काम. पण त्या शब्दानं रेमुस कायमचा धाकटा झाला असता, आणि तिला आई म्हणणारा तोच एक होता. त्याला थोडी वाट मोकळी राहावी, एवढंच तिच्या मनात आलं.

"अंधार होता," ती म्हणाली. "मला काही कळलं नाही."

मग निवाडा पाखरांवर गेला: देव ज्याला गिधाडं दाखवतील तो राजा. रेमुसला आधी सहा गिधाडं दिसली, रोम्युलसला मागून बारा. आधीची खरी की जास्तीची, यावर जुनंच भांडण नव्यानं पेटलं. रोम्युलसनं हट्टानं गावाची भिंत बांधायला घेतली. ती गुडघाभर झाली तेव्हा रेमुसनं हसत हसत तिच्यावरून उडी मारली.

निरोप फाउस्टुलस घेऊन आला. ज्याला लांडगीची गोष्ट कधी आटोपती घेता आली नाही, तो एवढंच बोलला, "ताईसाहेब, रेमुस गेला." घाव कुदळीचा होता, आणि कुदळ कुणाच्या हातात होती, हे तिला विचारून विचारून काढावं लागलं.

नवव्या दिवशी मेलेल्याला घुगऱ्या वाहून रोम्युलस भर दुपारी आला. या खेपेला तो उंबऱ्यात थांबला नाही. तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"तो थोरला होता ना?" त्यानं विचारलं. "तुला ठाऊक होतं. बोलली असतीस तर मला जागाच उरली नसती. माझ्यासाठी गप्प बसलीस." मग जड जिभेनं म्हणाला, "आई, माझ्या चुलीपाशी राहायला चल."

तिनं नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. एका खोट्यानं एक मुलगा गेला होता. दुसऱ्या खोट्यावर दुसरा मिळत होता. सिल्वियानं त्याच्या कानाची पाळी बोटांत धरली.

"लांडगी नव्हती ती," ती म्हणाली, आणि ओठ वर करून चढलेला दात दाखवला. "थोरला तू. मी गप्प बसले ते त्याच्यासाठी."

रोम्युलसनं बोटानं आधी तो दात चाचपला, मग स्वतःचा कान. मग पुन्हा दात.

"म्हणजे एका शब्दानं तो वाचला असता."

"हो."

"आणि मीपण."

तो उठला. बाहेर उभ्या असलेल्या फाउस्टुलसला त्यानं बजावलं, की गावात कुणी आमच्या आईचं विचारलं, तर लांडगी सांगायची. दुसरं काही नाही. म्हातारा मान खाली घालून हो म्हणाला. त्या दिवसापासून ती गोष्ट सांगताना त्याला रंग चढेना. पण तोवर सांगणारे पुष्कळ झाले होते, आणि लांडगी कुणाच्या आवरण्यातली राहिली नव्हती.

सिल्विया अल्बातच राहिली. खाली नदीकाठी गाव वाढत गेलं. तिकडून तिला बोलावणं आलं नाही. एका हिवाळ्यात पेज पिताना तो चढलेला दात निखळून भांड्यात पडला. तिनं तो पुसून तळहातावर घेतला, थोडा वेळ पाहिला आणि चुलीतल्या राखेत सारला.