थोरल्याची निवड

इथेलने शेवटची खुंटी ओढ्याकाठी ठोकली, हात विजारीला पुसले आणि तो बाजूला सरकला.

"झालं, दादा. आता तू बघ."

मेरिग घोड्यावरून उतरला. लंडनला दरबारात त्याला सर मॉरिस म्हणत. वेल्समधलं घरचं नाव तिथे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यानेच ते बदलून घेतलं होतं. बापाची माती झाल्यावर तो आला होता, मखमली डगला घालून, आणि या चिखलात पाय कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

जुनी रीत अशी, की बापाच्या जमिनीचे वाटे धाकट्याने पाडायचे आणि पहिली निवड थोरल्याने करायची. त्यामुळे वाटे आपोआप सारखे पडत. पार्लमेंटने ही रीत मोडली. आता सगळी जमीन थोरल्याची. त्या ठरावाच्या बाजूने मेरिगही उभा राहिला होता. शिवाय राजाच्या दालनात जागा मिळावी म्हणून त्याने ही अख्खी जमीन एका लॉर्डला मेंढ्या चारायला देऊन टाकली होती. इथेलला हेच सांगायला तो आला होता. वाटभर शब्द जुळवले होते.

इथेल मात्र हौसेने दाखवत सुटला. इकडे झरा आणि ओटचं शेत. तिकडे दलदल, म्हणून भरपाईला घर आणि बापाने लावलेली सफरचंदाची झाडं. बाप दोघांना ही रीत भाकरीवर शिकवायचा. इथेलने मोडायची, मेरिगने उचलायची.

"तू नेहमी मोठा तुकडा घेऊन पळायचास. आज शोधून दाखव मोठा."

मेरिगच्या ओठांवर आलेलं परत आत गेलं. त्याने दलदलीकडे बोट केलं.

"मला ते. पण घर तूच ठेव."

"डोकं फिरलं का तुझं? मग तुला उरलं काय?"

"चालेल मला."

बोलून गेल्यावर त्याला क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाऊन झाल्यावर सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं.

इथेलने फडक्यातून भाकरी काढली, मोडली आणि दोन्ही तुकडे पुढे धरले. मेरिगने लहानसा उचलला. दोघे बांधावर बसले.

"लॉर्डची माणसं परवा येऊन गेली," इथेल म्हणाला. "झाडं मोजत होती. ताक दिलं त्यांना."

मेरिगचा घास तोंडातच राहिला.

"तुला ठाऊक होतं? मग या खुंट्या कशाला ठोकल्यास?"

इथेलने मांडीवरचा चुरा झटकला.

"वाटे धाकट्याने पाडायचे असतात. माझं काम मी केलं."

मग तो उठला आणि एकेक खुंटी उपटू लागला. जिथे जाऊ तिथे जळणाला होतील, म्हणाला.