क्लचवरचं लाकूड

“बाई, गाडीला हात लावू नका.”

मी मागे वळले. टोपीवाला, ढेरीवर ताणलेला टी-शर्ट, हातात लिंबू सरबताचा ग्लास. वर मला समजावतोय, “अशा प्रदर्शनात नुसतं बघायचं असतं. मालकाला राग येतो.”

“आलाय ना राग,” मी म्हटलं. “मालकीणच उभी आहे तुमच्यासमोर.”

तो हसला. म्हातारी थट्टा करतेय, असं वाटलं असणार त्याला. मान हलवून पुढच्या गाडीकडे गेला.

आमच्या चर्चच्या पटांगणात दर उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा हा बाजार भरतो. रांगेत गाड्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी, आणि प्रत्येक गाडीमागे घडीच्या खुर्चीत एक टकलू बसलेला. माझी सत्तर सालची शेव्हेल तिसऱ्या रांगेत उभी होती. ती मी लगेच ओळखली नाही, हे आधी सांगते. माझी गाडी गर्द हिरवी होती, पाईनच्या पानांसारखी. ही लालभडक, आणि वर दोन काळे पट्टे. खिडकीला ट्रे अडकवलेला, त्यात प्लास्टिकचा बर्गर. पुढच्या बंपरला डोकं टेकून रुसलेली एक बाहुली. कुणाच्या डोक्यातून ही खुळं निघतात देव जाणे! आणि इंजिनापुढे माझ्या नवऱ्याचा, एडीचा, हसरा फोटो, खाली पाटी: ‘आमच्या बाबांची गाडी.’

तळपायाची आग मस्तकात गेली.

“आई! आलीस?” कीथ खुर्चीतून उठला. माझा धाकटा. पन्नाशीला आला, तरी शाबासकी मागताना आठ वर्षांचा दिसतो. “कशी वाटली? सांग ना!”

“रंग कुणाला विचारून दिलास?”

“अगं, सरप्राइज होतं! तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाच नाही का नेली मी?”

“चालू करून आणतो म्हणाला होतास. हिला रंगव, नटव, असं म्हटलं होतं मी?”

“हिरवा कोण बघतं, आई? लाल उठून दिसतो. बाबा असते तर खूश झाले असते.”

बाबा! आता बाबांचं सांगते. एडी मला भेटला, तेव्हा त्याच्याकडे एक सायकल होती, आणि तिचीही चेन पडायची. गाडी माझी. तारांच्या कारखान्यात दोन वर्षं उभ्याने काम केलं मी, बोटांची सालं निघेपर्यंत. माझ्या वयाच्या पोरी लग्नाच्या पेट्या भरत होत्या, तेव्हा मी गाडी घेतली. शोरूममधला माणूस माझ्या वडिलांशी, अण्णांशीच बोलत होता. अण्णा म्हणाले, “माझ्याकडे काय बघता? मला गिअरसुद्धा टाकता येत नाही. तिला विचारा.”

काय दिवस होते ते! शनिवारी संध्याकाळी माझी मैत्रीण वांडा आणि मी केसांना रुमाल बांधून निघायचो. मार्केट स्ट्रीटवरून नदीपर्यंत जायचं, वळायचं, पुन्हा यायचं. जायचं कुठेच नसायचं. खिडक्या उघड्या, रेडिओ मोठा, आणि पायाखाली ते इंजिन असं घुमायचं की दातांत जाणवायचं. बोलिंगच्या हॉलसमोर सिग्नलला पोरं शेजारी येऊन थांबायची, आधी गाडीकडे बघायची, मग माझ्याकडे. एकदा पांढऱ्या मस्टँगमधला एक जण ओरडला, “गाडी कुणाची गं? दादाची?” दिवा हिरवा झाला. पुढच्या सिग्नलला तो येईपर्यंत वांडाने नाकाला पावडर लावून घेतली होती.

हीच गोष्ट एडी वीस वर्षं सांगत होता. लग्नानंतर पोरं झाली, गाडी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली गेली आणि वर्षाकाठी अशा प्रदर्शनापुरती बाहेर यायला लागली. एडी बॉनेटपाशी उभा राहून सांगायचा, “एकदा त्या मस्टँगवाल्याला असा धुतला...” मी मागे बसून सँडविचं वाटायचे. एका वर्षी न राहवून म्हटलं, “अहो, गाडी मी चालवत होते.” सगळे खो खो हसले. एडी सगळ्यात मोठ्याने. एकाने तर माझ्या पाठीवर थापही मारली. चांगला नवरा होता, नाही म्हणत नाही. पण ती गोष्ट चोरली मेल्याने, आणि थडग्यात घेऊन गेला.

“ती पाटी काढ,” मी कीथला म्हटलं.

“आई, लोक बघतायत.”

“बघू देत! गाडी माझी होती. तुझ्या बाबांना भेटायच्या आधीपासून.”

“हो गं,” तो लहान मुलाला समजावावं तसं म्हणाला. “तुमची दोघांचीच ती. लिहितो तसं. ‘आईबाबांची गाडी.’ झालं?”

पिरोगीच्या, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांच्या, स्टॉलवरून वांडा एप्रनला हात पुसत आली. तिने गाडी बघितली आणि तोंडावर हात घेतला. “अगं बाई! हिला लिपस्टिक कुणी फासली?” मग पाटी वाचली. “कीथ, तुझ्या बापाला ही गाडी चालवताना गुडघे कानाला लागायचे रे. विसरलास?”

“ते त्या लाकडामुळे, वांडामावशी. क्लचवर तो कसला तरी ठोकळा होता ना.”

मी दार उघडून खाली वाकून बघितलं. क्लचचं पेडल नवं कोरं, चकचकीत रबराचं. “लाकूड कुठंय?”

“फेकलं. मेकॅनिक म्हणाला, मूळचं नाही ते, परीक्षक गुण कापतात.”

“रंग मूळचा नको, आणि लाकूड तेवढं तुमच्या डोळ्यांत खुपलं?”

तेवढ्यात भोंगा वाजला. शेवटी सगळ्यांनी एकदम गाड्या सुरू करून गावात फेरी मारायची, असा इथला रिवाज. बॉनेटं धडाधड बंद व्हायला लागली, इंजिनं घुमायला लागली. जमीन तशीच हलली, जशी तेव्हा हलायची.

कीथने शेजारचं दार उघडून धरलं. “चल आई, बस. बाबांबरोबर बसायचीस तशी.”

“किल्ली आण.”

“अगं, तुझा गुडघा...”

“गुडघा माझा आहे. तो तरी तुझ्या बाबांचा नाही ना? आण किल्ली.”

आवाज चढला असणार माझा, कारण शेजारच्या खुर्चीतला टकलू उठून उभा राहिला. कीथने किल्ली दिली. मी आत बसले. सीट पार पुढे ओढली. उजव्या पायाने पेट्रोलचं पेडल दोनदा दाबलं, हात आपोआप गिअरवर गेला. मग डावा पाय उचलला, आणि तो हवेत राहिला.

पाच फूटही उंची नाही माझी. कारखान्यात फळीवर उभी राहायचे. अण्णांनी ओकचा ठोकळा तासून, पेडलला भोकं पाडून खालून बोल्ट मारले होते. “आता पोचतो का गं पाय?” असं विचारत, पाठ दुखत असताना तासभर गाडीखाली पडून होते. आता बुटाच्या टोकाने पेडल नुसतं चाटून जात होतं. मी रेलून पाहिलं, सरकून पाहिलं. पुढच्या गाड्या निघाल्या. मागचा हॉर्न वाजवायला लागला.

कीथ उघड्या दारात उभा होता. तो माझ्या पायाकडे बघत होता, बराच वेळ.

“ते लाकूड तुझ्यासाठी होतं,” तो म्हणाला.

“मग काय सहा फुटी एडीसाठी होतं?”

त्याने मान खाली घातली. मग पुढे जाऊन ती पाटी उपटली, फोटो आणि ट्रे काढला, बाहुली काखेत मारली आणि सगळं वांडाच्या हातात कोंबून बॉनेट बंद केलं. परत येऊन दाराशी गुडघे टेकून बसला. हात आत घालून त्याने आपली मूठ पेडलवर धरली, माझ्या बुटाखाली.

“पोचतो का पाय?” त्याने विचारलं.

पन्नास वर्षांचा राग होता, तो सगळा त्या पायात आणला आणि दाबला. गुडघ्यातून कळ गेली. त्याच्या मुठीचं काय झालं, ते मी विचारलं नाही. पेडल खालपर्यंत गेलं, आणि त्याने हात काढला नाही. मी किल्ली फिरवली.

पटांगण तोवर रिकामं झालं होतं. आम्ही कुठेच गेलो नाही. गाडी जागच्या जागी घुमत होती, दातांत जाणवेल अशी, आणि स्टिअरिंगवर मी होते.